मुका मार आणि त्याची भाषा : मागून बसलेल्या धडकेनंतरच्या काळाचा विचार

ज्या आघाताने कातडी फुटत नाही, रक्त येत नाही, हाड मोडत नाही, परंतु जो आतल्या आत दुखत राहतो, त्याला मराठीत 'मुका मार' म्हणतात. हा शब्द मोठा अर्थवाही आहे. उघडी जखम स्वतःच बोलते. तिच्यासाठी जखमी माणसाला शब्द खर्चावे लागत नाहीत. मुका मार मात्र बोलत नाही. तो ज्याला बसला त्यालाच त्याच्या वतीने बोलावे लागते, आणि ते बोलणे कितपत खरे मानावयाचे हे ऐकणारा ठरवतो.

उभ्या किंवा मंदगतीने चाललेल्या मोटारीला मागून जोराची धडक बसणे हा मुक्या माराचा आधुनिक काळातील ठळक नमुना होय. अशा धडकेत पुष्कळदा मोटारीचे नुकसान डोळ्यांना दिसते, माणसाचे दिसत नाही. क्ष-किरणांच्या छायाचित्रात काही आढळत नाही; तथापि मान वळत नाही, डोके दुखते, झोप लागत नाही, आणि मागून हॉर्न वाजला की अंग शहारते. अशा माणसाला पुढील काही महिन्यांत तीन निरनिराळ्या श्रोत्यांपुढे आपली हकीकत सांगावी लागते : वैद्यापुढे, पोलीस व न्यायासनापुढे, आणि घरच्यांपुढे किंवा स्वतःपुढे. तिन्ही ठिकाणी शब्दांचे नियम वेगळे आहेत. या नियमांची सरमिसळ झाली म्हणजे मूळच्या दुखण्यात आणखी एका दुखण्याची भर पडते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. गतीचे नाव आणि रोगाचे नाव

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. मागून धडक बसताच आसनाची पाठ बसलेल्या माणसाच्या धडाला पुढे ढकलते. डोके मात्र जडत्वामुळे क्षणभर होते तेथेच राहते. धड पुढे आणि डोके मागे, अशा स्थितीत मानेचे खालचे मणके मागे वाकतात व वरचे पुढे वाकतात. मानेला इंग्रजी 'एस' अक्षरासारखा आकार येतो. ग्रॉअर, पंजाबी व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा आकार धडकेनंतरच्या पहिल्या ५० ते ७५ सहस्रांश सेकंदांत येतो असे दिसून आले. स्नायूंनी सावध होऊन मान सावरावी एवढाही अवकाश या काळात नसतो. नंतर डोके मागे फेकले जाते व पुन्हा पुढे येते. मणक्यांमधील लहान सांधे, अस्थिबंध व स्नायू यांना या ओढाताणीत इजा होऊ शकते, आणि ही इजा साध्या छायाचित्रात उमटेलच असे नाही. आसनाचा डोके टेकण्याचा भाग डोक्याच्या जितका जवळ व जितका उंच असेल तितका हा हिसका कमी होतो. म्हणूनच अमेरिकेत १९६९ च्या आरंभापासून नव्या मोटारींच्या पुढील आसनांना असा भाग असणे सक्तीचे करण्यात आले.

या हिसक्याला इंग्रजीत 'व्हिपलॅश', म्हणजे चाबकाचा फटकारा, असे म्हणतात. या शब्दाचा इतिहास भाषाभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरोल्ड क्रो यांनी १९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे रस्त्यावरील अपघातांत मानेला इजा झालेल्या आठ रुग्णांची हकीकत आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली, आणि डोके कसे हलते हे सांगण्यासाठी चाबकाची उपमा वापरली. पुढे शब्द रूढ झाला. १९५३ साली गे व ॲबट यांनी त्याच नावाखाली लिहिलेल्या लेखाने तर तो वैद्यकाच्या व वकिलीच्या नित्य व्यवहारात गेला. १९६४ साली क्रो यांनीच या शब्दाबद्दल खेद प्रकट केला. त्यांचे म्हणणे असे की, शब्द योजला होता तो एका गतीचे वर्णन करण्यासाठी. परंतु वैद्यांनी, रुग्णांनी आणि वकिलांनी तो एका रोगाचे नाव म्हणून स्वीकारला.

आपल्याकडील साहित्यशास्त्राच्या परिभाषेत येथे लक्षणेचा व्यापार घडला आहे. 'आयुर्घृतम्' म्हणजे 'तूप हेच आयुष्य' या प्रसिद्ध उदाहरणात कारणवाचक शब्द आणि कार्यवाचक शब्द एकरूप होतात. तसेच येथे कारणाचे नाव कार्याला मिळाले. मात्र तुपाच्या उदाहरणात लक्षणेने कोणाचे नुकसान होत नाही. रोगाच्या बाबतीत ते होऊ शकते, कारण 'मानेला हिसका बसला' हे वाक्य भूतकाळातील एका क्षणाविषयी आहे; 'मला व्हिपलॅश आहे' हे वाक्य चालू वर्तमानातील एका स्थितीविषयी आहे. पहिल्यात घटना संपली आहे. दुसऱ्यात ती नाम होऊन शरीरात राहावयास आली आहे.

हा प्रकार नवाही नाही. लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसेन यांनी रेल्वे-अपघातांतील इजांवर १८६६ साली ग्रंथ लिहिला, त्यानंतर 'रेल्वेचा कणा' या अर्थाचा शब्दप्रयोग त्या काळी दुखण्याचे नाव बनला. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी त्याला प्रत्युत्तर देऊन या तक्रारींतील पुष्कळ भाग कण्याच्या इजेचा नसून भीतीच्या धक्क्याचा आहे असे प्रतिपादिले. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते. दुखणे खरे की मनाचे, आणि नुकसानभरपाई कोणी द्यावयाची, हे दोन प्रश्न तेव्हापासून एकमेकांत गुंतले ते आजतागायत सुटलेले नाहीत.

२. नावाचा परिणाम किती?

नाव दिल्याने दुखणे वाढते काय, याचा शोध घेण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. १९९६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात श्रेडर व सहकाऱ्यांचे लिथुआनियातील संशोधन प्रसिद्ध झाले. त्या देशात अशा दुखण्याबद्दल भरपाई मागण्याची प्रथा तेव्हा रूढ नव्हती. एक ते तीन वर्षांपूर्वी मागून धडक बसलेल्या २०२ व्यक्तींची तुलना धडक न बसलेल्यांशी केली असता मानदुखीची तक्रार पहिल्या गटात ३५ टक्के व दुसऱ्यात ३३ टक्के आढळली. यावरून काहींनी दीर्घकाळचे दुखणे ही समाजाची व न्यायालयांची निर्मिती आहे असा निष्कर्ष काढला. तो घाईचा होता. त्या २०२ जणांपैकी पुष्कळांना मुळात इजाच झालेली नव्हती. तेव्हा इजा झालेल्यांचे पुढे काय होते हे त्या आकड्यांवरून सांगणे कठीण, हा आक्षेप योग्यच होता.

कॅनडातील सास्कॅचेवन प्रांताचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे १९९५ च्या आरंभी कायदा बदलला. वेदना व यातनांबद्दल दुसऱ्याच्या दोषावर आधारलेली भरपाई बंद होऊन दोषनिरपेक्ष लाभांची पद्धत आली. कॅसिडी व सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, या बदलानंतर मानेच्या अशा इजांचे दावे सुमारे २८ टक्क्यांनी घटले व दावा मिटण्यास लागणारा काळही बराच कमी झाला. त्याच प्रांतातील कॅरोल व सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या अभ्यासात, 'आपण लवकर बरे होऊ' असे आरंभी सांगणारे लोक 'आपण कधीच बरे होणार नाही' असे म्हणणाऱ्यांपेक्षा तिपटीहून अधिक वेगाने बरे झाले असे आढळले.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना दोन टोके टाळली पाहिजेत. 'शब्दांमुळे दुखणे लांबते' याचा अर्थ 'दुखणे केवळ शब्दांचे आहे' असा होत नाही. बरे होण्याचा वेग ज्यांवर अवलंबून असतो त्या गोष्टींत आरंभीच्या वेदनेची तीव्रता ही सर्वांत महत्त्वाची मानली जाते, आणि वेदना ही शब्दांपूर्वीची वस्तू आहे. अशी इजा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना एक वर्षानंतरही मानेची काही ना काही तक्रार राहते. तेव्हा वर्षभराने मान दुखते असे सांगणाऱ्याला लबाड ठरविणे हे अन्यायाचे, आणि 'आता हे जन्माचे' असे त्याला सांगणे हे घातुक होय.

क्वेबेकच्या अभ्यासमंडळाने १९९५ साली केलेली वर्गवारी या दृष्टीने उपयुक्त ठरली. तीत शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या आहेत : तक्रार नाही व खूणही नाही, केवळ वेदना किंवा ताठरपणा, त्याबरोबर मानेची हालचाल कमी होणे किंवा विवक्षित जागी दुखरेपणा, मज्जातंतूंची लक्षणे, आणि अखेर हाड मोडणे वा सांधा निखळणे. एका नावाच्या जागी पाच वर्णने आली. रुग्णाला 'तुम्हांला अमुक रोग आहे' असे न सांगता 'तुमच्या मानेची स्थिती आज अशी आहे' असे सांगण्याची सोय झाली. पहिल्या पायऱ्यांवरील रुग्णाने पट्टा बांधून दीर्घकाळ पडून राहू नये, शक्य तेवढ्या लवकर नित्याच्या हालचालींकडे वळावे, असा सल्ला या मंडळाने दिला. मात्र हातापायांत बधिरता किंवा दुर्बलता, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे; तेथे शब्दचर्चेला अवसर नाही.

३. न पाहिलेल्या घटनेची साक्ष

दुसरा श्रोता म्हणजे पोलीस आणि न्यायासन. येथे मागून बसलेल्या धडकेचे एक वैशिष्ट्य पुढे येते, आणि ते निव्वळ भाषाशास्त्राच्या कक्षेतील आहे. समोरासमोरच्या टकरीत माणूस येणारे वाहन पाहतो. मागून धडक बसलेल्याने पुष्कळदा काहीच पाहिलेले नसते. त्याला आवाज ऐकू आला, हिसका बसला, आणि नंतर वळून पाहिले तेव्हा मागे ट्रक उभा दिसला. म्हणजे घटनेचा मुख्य साक्षीदार हा घटनेचा प्रेक्षक नसतो.

जगातील काही भाषांत, उदाहरणार्थ तुर्की भाषेत, वक्त्याने गोष्ट स्वतः पाहिली की अनुमानाने वा ऐकून जाणली हे क्रियापदाच्या प्रत्ययातूनच सूचित होते. मराठीत अशी सक्ती नाही, परंतु सोय भरपूर आहे. 'ट्रक वेगात होता', 'ट्रक वेगात असावा', 'ट्रक वेगात असणार', 'ट्रक वेगात होता म्हणे' या चार वाक्यांत ज्ञानाचे चार उगम आहेत : प्रत्यक्ष, शंकित अनुमान, दृढ अनुमान आणि श्रवण. रस्त्यावर उभा राहून थरथरत बोलणारा जखमी माणूस बहुधा 'असावा' म्हणतो. जबाब लिहिला जातो तेव्हा मात्र त्याच्या 'असावा'चा 'होता' होतो. पोलीसी मराठीची एक ठरीव घडण आहे : 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून' ही पदावली फिर्यादीत जणू आपोआप उतरते. तिच्यातील प्रत्येक पद कायद्याच्या एखाद्या घटकाशी जुळणारे असल्याने ती निरर्थक नाही. परंतु ती फिर्यादीच्या तोंडी घातली गेली म्हणजे, त्याने जे पाहिले नाही ते पाहिल्याचे विधान त्याच्या सहीनिशी कागदावर राहते. पुढे उलटतपासणीत 'गाडी मागून आली, तर वेग तुम्हांला कसा दिसला?' असा प्रश्न आला की खरा माणूस खोटा ठरतो.

शब्द केवळ साक्ष बिघडवतात असे नाही; ते स्मरणही बदलतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग सर्वश्रुत आहे. मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून एका गटाला 'गाड्या एकमेकींवर आदळून चुरडल्या तेव्हा' वेग किती होता असे विचारले, दुसऱ्याला 'गाड्यांची ठोकर झाली तेव्हा' असे. आठवड्याने 'फुटलेली काच पाहिली काय?' असा प्रश्न केला. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरीही पहिल्या गटातील ५० पैकी १६ जणांनी, आणि दुसऱ्यातील ५० पैकी ७ जणांनी ती पाहिल्याचे सांगितले. मराठीत या अर्थाच्या क्रियापदांची उतरंड अशीच लांब आहे : गाडी टेकली, घासली, धक्का लागला, ठोकर बसली, धडक बसली, आदळली, चक्काचूर झाली. विमा कंपनीचा निरीक्षक 'टेकली' म्हणेल आणि वकील 'चक्काचूर' म्हणेल. ज्याच्या मानेवर हे सारे गुजरले त्याने कोणाचेच क्रियापद उसने घेऊ नये.

प्रयोगरचनेचाही विचार करण्याजोगा आहे. 'ट्रकने धडक दिली' या वाक्यात कर्ता उघड आहे. 'गाडीला धडक बसली' यात तो लुप्त आहे. 'अपघात झाला' यात तर घटना जणू आकाशातून पडते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकाने २००१ साली 'ॲक्सिडेंट' हा शब्द आपल्या पानांतून वर्ज्य केला तो याच कारणाने : बहुतेक अपघात टाळता येण्याजोगे असतात, आणि तो शब्द ते अटळ असल्याचे सुचवतो.

सुदैवाने भारतीय कायदा मागून धडक बसलेल्याकडून न पाहिलेल्याची ग्वाही मागत नाही. पुढील वाहन एकाएकी मंदावले वा थांबले तरी टक्कर होणार नाही इतके अंतर मागील चालकाने राखले पाहिजे, हा दंडक १९८९ च्या रस्ता-नियमांत होता आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमांतही आहे. तेव्हा आपली गाडी कोठे होती, उभी होती की चालती, मागचे दिवे लागले होते की नाही, एवढेच प्रत्यक्षाचे कथन पुष्कळ काम करते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १६४ व्या कलमानुसार जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपयांची भरपाई दोष सिद्ध न करताही मिळू शकते. १६६ व्या कलमाखालील दाव्याला त्याच दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून दिरंगाई करू नये.

'जबर दुखापत' या संज्ञेची व्याख्याही येथे महत्त्वाची. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात, पंधरा दिवस तीव्र शारीरिक वेदना भोगावयास लावणारी किंवा तेवढे दिवस नित्याचे व्यवहार करू न देणारी दुखापत या संज्ञेत येते. जुन्या दंडसंहितेत हा काळ वीस दिवसांचा होता. म्हणजे मुक्या मारालाही कायद्यात जागा आहे, पण ती छायाचित्राने नव्हे, नित्य व्यवहारांच्या वर्णनाने भरावी लागते. 'असह्य वेदना होत होत्या' या वाक्यापेक्षा 'तिसऱ्या दिवशी केस विंचरण्यासाठी हात वर गेला नाही. दहाव्या दिवशी दुचाकीवरून जाताना मागे वळून पाहता आले नाही' ही तारीखवार नोंद अधिक प्रमाण ठरते. भरपाईच्या रकमेबाबतही हेच तत्त्व आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले की, शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेची हानी या दोन भिन्न गोष्टी असून, त्या माणसाचे काम काय होते हे पाहूनच दुसरी ठरवावयाची असते.

४. स्वतःला सांगावयाची हकीकत

तिसरा श्रोता सर्वांत अवघड. अपघातानंतर काही आठवडे प्रसंग पुन्हा पुन्हा आठवणे, सिग्नलला उभे असता आरशाकडे सतत पाहणे, गाडीत बसण्याचे टाळणे, हे स्वाभाविक असते व बहुतेकांच्या बाबतीत ओसरते. महिना उलटूनही ते न ओसरले, तर मानसोपचाराची गरज आहे असे समजावे. एहलर्स व क्लार्क यांच्या २००० सालच्या मीमांसेनुसार अशा आठवणीचे लक्षण हे की, ती भूतकाळाची खूण अंगावर न घेता येते. घटना घडून गेली असे न वाटता आता घडते आहे असे वाटते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, त्या आठवणीला अजून भूतकाळाचा प्रत्यय लागलेला नसतो. अर्थात मराठी निवेदनात ऐतिहासिक वर्तमानकाळ सर्रास वापरला जातो. 'मी ब्रेक लावतो, तेवढ्यात मागून दणका बसतो' असे कोणी सांगितले म्हणून तो आजारी ठरत नाही. महत्त्व रूपाला नाही, अनुभवाला आहे.

मग हकीकत बोलून टाकावी काय? लोकसमजूत अशी की, बोलल्याने मन हलके होते. ती अर्धसत्य आहे. मेयू, एहलर्स व हॉब्ज यांनी रस्त्यावरील अपघातांत जखमी होऊन रुग्णालयात आलेल्यांना अपघातानंतर लवकरच एका बैठकीत सर्व प्रसंग सविस्तर बोलावयास लावले आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासले. २००० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, जे आरंभी अधिक व्यथित होते त्यांची स्थिती अशा बैठकीने सुधारली तर नाहीच, उलट बैठक न झालेल्यांपेक्षा वाईट राहिली. म्हणून भेटीस येणाऱ्या प्रत्येक आप्ताने 'नेमके काय झाले, पहिल्यापासून सांग' असा आग्रह धरणे हे मायेचे वाटले तरी हिताचे नाही. सांगणाऱ्याला सांगावेसे वाटेल तेव्हा ऐकणे, आणि वाटेल तेवढेच ऐकणे, हा खरा आधार.

उलट, वेळ जाऊ देऊन, स्वतःच्या गतीने केलेल्या लेखनाचा काही उपयोग होतो असे जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ पासूनच्या संशोधनावरून दिसते. त्यांच्या पुढील विश्लेषणात, ज्यांच्या लेखनात दिवसागणिक 'कारण', 'त्यामुळे', 'लक्षात आले' अशा कार्यकारण व उमज दाखविणाऱ्या शब्दांचे प्रमाण वाढत गेले त्यांना अधिक लाभ झालेला आढळला. शब्दांनी जादू केली असा याचा अर्थ नव्हे. तुटक प्रतिमांची जागा सुसंगत हकीकत घेऊ लागली याची ती खूण होती. लक्षणे बळावलेली असतील तेथे मात्र हे काम प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीनेच करावे.

५. उपसंहार

वरील विवेचनातून निघणारा व्यवहार साधा आहे. वैद्यापुढे रोगाचे नाव न सांगता दुखण्याची जागा, वेळ व हालचाल सांगावी, आणि वैद्यानेही नावापेक्षा स्थितीचे वर्णन द्यावे. पोलिसांपुढे पाहिलेले 'होता' म्हणून व अनुमानाचे 'असावा' म्हणून सांगावे. जबाब सहीपूर्वी वाचून घ्यावा आणि बदललेले क्रियापद बदलून मागावे. पंधरा-वीस दिवसांची तारीखवार नोंद ठेवावी. ती नोंद दाव्यासाठी आहे. तीच स्वतःची कहाणी म्हणून रोज वाचीत बसू नये. दाव्याला दोष सांगावा लागतो, उपचाराला सुधारणा. एकाच तोंडाने दोन्ही सांगताना माणसाची ओढाताण होते हे घरच्यांनी ओळखावे, आणि वकिलाकडे वेदना सांगणारा माणूस घरी हसला म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नये.

मुका मार बोलत नाही हे खरे. म्हणूनच त्याच्या वतीने बोलणाऱ्याने नेमके बोलावे व ऐकणाऱ्याने घाई न करता ऐकावे. गतीचे वर्णन, दुखण्याचे वर्णन आणि दोषाचे कथन ही तीन वाक्ये वेगळी ठेवता आली, तर बरे होण्याच्या वाटेवरील निदान एक अडथळा तरी दूर होतो.